विहीणबाई, रानात तरी जेवाल ना?

अहो विहीणबाई, शेवटी तुम्ही गेलात आणि माझ्या घरचा घोटभर चहासुद्धा घेतला नाहीत. जिंकलात! आता तरी खूश ना? तुमचा तेरावा होऊन आठवडा झाला. घरात रसिका डोळे पुसत फिरतेय, माझा अमेय तिच्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन फिरतोय आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटतेय. लोकांना वाटतं, मला दुःख झालंय. झालंच आहे. पण त्याच्या वरताण राग आलाय, आणि तो काढायचा कुणावर? ज्यांच्यावर काढायचा त्या तर गेल्या.

तुमची लेक माझ्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून हा तमाशा चालू आहे. तुम्ही सांडोरहून यायच्या. वाडीतली अळूची पानं, केळफूल, ओलं खोबरं, हे एवढं मोठं पिशवीभर घेऊन, दोन बस बदलून फुलपाड्याला. आणि आमच्या दारात येऊन कुठे बसायच्या? चपलांच्या कपाटाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तेही अर्ध्या बुडाने. एवढा सोफा घेतलाय आम्ही, हप्ते भरून! रसिका पाणी घेऊन आली की तुमचं ठरलेलं, "पानी नको गं, आत्ताच पिऊन आले." कुठे प्यायलात? बसमध्ये? कंडक्टरने पाजलं का तुम्हाला?

लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. रीत! मला काय रीतभात कळत नाही का? मी साताऱ्याकडची, आमच्याकडेही जुन्या बायका पाळायच्या. पण नातवंड झालं की विषय संपतो. आमची जुई झाली तेव्हा मला वाटलं, सुटले बाई. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी स्वतः पुरणपोळ्या केल्या, पहाटेपासून उभी राहून. तुम्ही पदर खोचलात, सगळ्या पंगतीला वाढलंत, आग्रह करकरून वाढलंत, आणि हात धुऊन उपाशी निघून गेलात. माझ्या पोळ्या माझ्याच नातेवाइकांना वाढल्यात तुम्ही! बिल्डिंगमधल्या बायका मला विचारत होत्या, विहीणबाई रुसल्यात का? काय उत्तर देऊ मी? तुमच्या सख्ख्या जाऊबाई लेकीकडे महिना महिना राहून येतात, तिथला टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या हातात असतो. पण तुमचं आपलं एकच, "आमच्याकडं नाय चालत." आमच्याकडं म्हणजे कुणाकडं? त्या घरात ही रीत पाळणाऱ्या तुम्ही एकट्याच उरला होतात.

मग तो रविवार आठवतो का? जुई तेव्हा तीनेक वर्षांची होती. तुम्ही दाराशी बसलेल्या, आम्ही आत जेवायला बसलेलो. पोरगी आपली वरणभाताची वाटी घेऊन उठली, तुमच्यापाशी गेली आणि घास तुमच्या तोंडाजवळ धरला. "आजी, आ कर." तुम्ही तोंड फिरवलंत. तिला वाटलं, खेळ आहे. ती दुसऱ्या बाजूने आली. तुम्ही तिकडूनही फिरवलंत, आणि डोळे भरून आले होते तुमचे, बघितलं मी. पोरगी रडायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हातातला घास ताटात टाकला आणि ओरडले, "घरात नाही तर नाही! विहीणबाई, रानात तरी जेवाल ना?"

मी आपलं रागात बोलले हो. तुम्ही मात्र डोळे पुसले, शांतपणे विचार केलात, आणि म्हणालात, "रान काय कोनाच्या घरचं नाय. तिथं चालेल."

झालं! लागली माझ्या मागे साडेसाती. पुढच्या रविवारी अमेयने गाडी काढली. शिरसाडच्या फाट्यावरून आत वळलो, पारोळ मागे टाकलं आणि तानसा नदीच्या बाजूच्या एका पाड्यावर गाडी लावली. तिथून सागाच्या रानातून पायवाट, मग एक चढ, वर लहानशी खिंड, आणि खिंडीतून उतरलं की नदी. नदीत हा एवढा सपाट काळा कातळ, शंभर माणसं जेवायला बसतील असा. लेकुरवाळ्या माणसांनीही जावं अशी वाट, जुई पहिल्याच दिवशी निम्मी चालली. पण मला कुठे रानाची हौस होती? आयुष्यभर ऑफिसात खुर्चीवर बसलेली बाई मी. चिखल आवडत नाही, काटे आवडत नाहीत, झाडामागे बसणं तर अजिबात आवडत नाही. आमचे हे हुशार. गुडघे दुखतात म्हणून गाडीतच पेपर वाचत बसायचे. मला तेही जमेना, कारण ही सगळी वरात मीच काढलेली.

बरं, रानात तरी सरळ जेवाल की नाही? पहिल्याच दिवशी मी डबा उघडला. बटाट्याची भाजी, पुऱ्या, लसणाची चटणी. तुम्ही डब्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "हे तुमच्या चुलीवरचं ना?" कपाळ माझं! रान कुणाचं नाही, पण पुरी माझ्या गॅसवरची, म्हणून पुरीतून लेकीचं घर येतं! मग तुम्ही तुमची पिशवी सोडलीत. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी, आणि पानं म्हणून वाडीतली केळीची पानं. आम्हा सगळ्यांना पुरेल एवढं. तेव्हापासून रविवारचं जेवण तुमचं, आणि माझ्या वाट्याला काय, तर कोशिंबीर. कारण काकडी-कांद्याला चूल लागत नाही. मी, जिच्या पिठल्याची ऑफिसात वाट बघायचे लोक, ती मी दर रविवारी कातळावर फतकल मारून कांदा चिरायची. आणि तुम्ही वर म्हणणार, "काय हाताला चव हाय विहीनबाय तुमच्या!" कोशिंबिरीत कसली आलीय हाताची चव?

आणि चालताना तो मानपान! "तुमी व्हा पुढं. वरमायचा मान." लग्न होऊन पोर शाळेत जायला लागलं, तरी मी वरमाईच. मी म्हणायची, अहो, बरोबर चालू, गप्पा मारत. छे! मी पुढे, मागे जुईचं बोट धरून अमेय-रसिका, आणि सगळ्यात मागे तुम्ही. रानात पुढे चालण्याचा मान म्हणजे काय असतो सांगू? रात्रीत कोळ्यांनी वाटेवर जेवढी जाळी विणलेली असतात, तेवढी सगळी वरमाईच्या तोंडावर. तुम्हाला मागे बघावं तर तुम्ही चढावर उभ्या, अंबाडा सोडून परत बांधताय. त्या चढावरच कसा सुटायचा हो तुमचा अंबाडा दर वेळी? नाहीतर चपलेत खडा. नाहीतर "बघा तरी कसं दिसतंय" म्हणून कमरेवर हात ठेवून झाडांकडे बघत राहायच्या. जुई विचारायची, आजी हे कसलं झाड? तुम्ही केळीच्या वाडीतल्या, तुम्हाला सागसुद्धा ओळखता यायचा नाही. "रानटी असंल काय तरी," असं ठोकून द्यायच्या. पोरीने शाळेत बाईंना सांगितलं, झाडाचं नाव 'रानटी'. चिठ्ठी आली घरी.

पण एक सांगते. कातळावर तुम्ही वेगळ्याच बाई असायच्या. माझ्या घरात लेकीच्या केसांवरून हातसुद्धा फिरवला नाहीत कधी. उगाच मला वाटायला नको की सासूसमोर लाड करतेय. आणि तिथे? लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात पाय सोडून बसायच्या, मांडीवर जुई, शेजारी रसिका, आणि एकाच पानावर तिघी. बिरड्याचा घास करून रसिकाच्या तोंडात कोंबायच्या. एवढी मोठी कमावती बाई माझी सून, ती चिमणीसारखी आ करून बसायची. तुम्ही हसायच्या तेव्हा तोंडावर हात नसायचा. मी पलीकडे तोंड करून कांदा चिरायची आणि म्हणायची, काय जळलं मेलं डोळ्यांत जातंय. कांदाच होता हां. पण ती गाडीतली गर्दी, चिखल, जाळी, सगळं मी त्यासाठीच सोसलं, हे तुम्हाला एकदा सांगायला हवं होतं. तुमच्यामुळे माझ्या घरात हसणं आलं, तेही नाही सांगितलं. आता सांगतेय, ऐका.

मग आपलं शेवटचं भांडण. पाऊस उघडून नदी निवळलेली. जेवणं झालेली, अमेय आणि रसिका जुईला घेऊन खडे मारत होते. मी कोशिंबिरीचं पातेलं घासत होते आणि माझं पित्त खवळलेलं. म्हटलं, "विहीणबाई, आज सोक्षमोक्ष लावा. हॉटेलात खाता, लग्नाच्या हॉलमध्ये खाता, तिथला आचारी कोण कुठला, तो चालतो. माझ्याच हातचं का विष आहे?"

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही रागवायच्या नाहीत, हाच तर त्रास. पाण्याकडे बघत म्हणालात, "माजी आय यायची मला बगायला. खाडीपलीकडनं, चालत. वैशाखाचं ऊन असायचं. ओट्याच्या कडेला बसायची, गाठोडं द्यायची, माझं तोंड बगायची आनि जायची. एकदा आमच्या वाडीतच भोवळ येऊन पडली. सासूबाय पानी घेऊन धावल्या. तोंड घट्ट मिटलं तिनं. तांब्या खाली ठेवायला लावला. मी दारात उभी." पदर सारखा केलात. "आता मी तुमच्याकडं जेवले, तर ती उगाच उपाशी गेली असं व्हईल ना?"

मी पातेलं आणखी जोरात घासलं. मग आलं एकदम तोंडात, तेच बोलले. "आणि उद्या जुईचं लग्न झालं की रसिकानंही तिच्या दारात असंच उपाशी बसायचं का? ते चालेल तुम्हाला?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खरंच विचारात पडला होतात. मग रसिकाकडे बघितलंत, ती जुईला भिजू नको म्हणून ओरडत होती. "पुढच्या टायमाला सांगते," म्हणालात.

पुढच्या टायमाला! रविवार यायच्या आधी, बुधवारी सकाळी रसिकाच्या भावाचा फोन. वाडीत फुलं काढता काढता बसलात, त्या उठलाच नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर तो पोरगा रडत होता आणि रडता रडता सांगून गेला. तुमच्या हृदयाची झडप खराब झाली होती. वर्षभर. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, ते तुम्ही "पावसाळा होऊ दे" म्हणून पुढे ढकललंत. आणि चढ चढायचा नाही, असं बजावून सांगितलं होतं. "आई बोलली, ताईला सांगायचं नाय. तिच्या सासूबाईंना तर अजिबात नाय. सांगितलं तर रान बंद करतील, मग मी जुईसंगती जेवणार कुठे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरमायचा मान! कसला मान हो? दम लागायचा तुम्हाला! मी पुढे जावं, मागे वळून बघू नये, म्हणून मला मान. श्वास घ्यायला उभं राहायचं म्हणून अंबाडा. छातीत कळ आली की "बघा तरी कसं दिसतंय". आणि मी शहाणी वर्षभर मनात म्हणतेय, काय ही बाई, काय तिचा मानपान, अजून लग्नातच आहे. अहो, एक शब्द! एक शब्द टाकायचा होता. माझ्या मानाच्या पदराआड लपलात तुम्ही. मी रान बंद केलं असतं? मी? खिंडीला वळसा घालून नदीकडे सपाट रस्ता जातो, लांबचा म्हणून आपण कधी धरला नाही, पण गाडी पार पाण्यापर्यंत जाते. यांच्याबरोबर गाडीत बसवून नेलं असतं. नाहीतर तुमच्या वाडीत जेवलो असतो, माझी काही ना नव्हती. लेकीच्या आईकडे वरमाई जेवते, त्याला तर तुमच्या रीतीचीही आडकाठी नाही. नाहीतर त्या मेल्या सोफ्यावर बसला असता, माझी नाही तर तुमचीच भाकरी तुमच्याच डब्यातून खाल्ली असती. शंभर वाटा होत्या. ऑपरेशन झालं असतं, दवाखान्यात मी राहिले असते रात्री. पण नाही! सांगायचं नाही. तोंड घट्ट मिटायचं. आईनं तांब्या नाकारला, तुम्ही सगळंच नाकारलंत.

माझ्यावर विश्वास नव्हता का, एवढंच मला खातंय. का होता, आणि मी आरडाओरडा करून तुम्हाला खरंच दवाखान्यात टाकेन याची खात्री होती? तसं असेल तर बरोबर ओळखलं होतंत मला.

तेराव्याला तुमच्याकडे जेवले. तुमच्या जाऊबाईंनी आग्रहाने बसवलं, वरमाई म्हणून पहिल्या पंगतीला. तीच केळीची पानं, तीच वाडी. बिरडं केलं होतं, पण त्यात गूळ कमी होता. मी पानात काही टाकलं नाही, सगळं जेवले. तुम्ही असता तर अजून वाढलं असतंत आणि मी नको नको म्हणाले असते. त्या पंगतीत वाढताना कुणी आग्रह केला नाही, म्हणून मीच मागून घेतलं.

काल रविवार. मला वाटलं होतं, कुणी नाव काढणार नाही. पण जुई सकाळी बूट घालून दारात उभी. रसिका म्हणाली, "आई, जाऊ या." डबा कुणाचा, असा प्रश्नच नव्हता. मी पिठलं केलं, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, ठेचा केला. माझ्या गॅसवर. सगळं झाकून ठेवताना उगाच वाटलं कुणीतरी विचारेल, हे तुमच्या चुलीवरचं ना? चढावर मी पुढे गेले नाही. रसिकाला पुढे घातलं आणि सगळ्यात मागून आले. मागून त्या चढाला खरंच धाप लागते हो. वरपर्यंत चारदा उभी राहिले.

कातळावर बसलो. डबा उघडला, सगळ्यांना वाढलं. इतकी वर्षं वाटत होतं, एकदा तरी माझ्या हातचं इथे सगळ्यांनी खावं. अमेय खाली मान घालून जेवत होता. जुईने एक घास घेतला, इकडेतिकडे बघितलं, आणि मला विचारलं, "आजी, आता ती आजी नाहीये ना. मग आता आपण रविवारी घरीच जेवलो तरी चालेल ना?"

रसिका ताटावरून उठली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. अमेयने जुईला दटावायला तोंड उघडलं, मी त्याला हातानेच गप्प केलं. पोरीचं काय चुकलं? बरोबरच विचारलं तिनं.

"नाही," मी म्हटलं. "रविवारी आपण इथेच जेवायचं."

"का?"

का काय का! तुमच्यासाठी म्हणून नाही हां विहीणबाई, उगाच फुशारून जाऊ नका. घरात रविवारचा घास माझ्याच नरड्याखाली उतरत नाही.